खळं घरचंच आहे, मग बालवाडी कशाला?

तुमचा प्रश्न मी असा समजले. तुम्ही देवगडकडे गावात राहता आणि मुलगी येत्या जूनमध्ये तीन वर्षांची होईल. घरापासून चालत दहा मिनिटांवर एका ताईंची बालवाडी आहे. तिथे गाणी, गोष्टी, वाळू-पाणी असतं आणि तुमच्याच शब्दांत सांगायचं तर “अभ्यास काही नाही”. दुसरा पर्याय तालुक्याच्या गावातली इंग्रजी माध्यमाची नर्सरी. व्हॅनने पाऊण तास, पहिल्याच वर्षी ए ते झेड, एक ते पन्नास, आणि रोज गृहपाठाची वही. मिस्टरांना वाटतं की बालवाडीत घातली तर पहिलीत मागे पडेल. सासूबाई म्हणतात, “खेळायलाच धाडायचं तर फी कशाला? खळं घरचंच आहे.” (खळं म्हणजे आपल्याकडचं घरापुढचं अंगण.)

मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं बालवाडी चालवते, अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणातही शिकवते. या दोन्ही शाळा मी पाहिलेल्या नाहीत, तेव्हा अमुक ठिकाणीच घाला असं इथून सांगणं बरोबर होणार नाही. पण ‘खेळ की अभ्यास’ अशी वाटणी करून शाळा निवडायला गेलात तर पंचाईत होईल, कारण बोर्डावर काय लिहिलंय त्यावरून आत काय चाललंय ते कळत नाही. मी पालकांना एकच गोष्ट बघायला सांगते: तिथल्या बाई मुलांशी किती आणि कशा बोलतात, आणि मुलांना किती बोलू देतात. या वयाचं शिकणं बहुतेक तिथूनच होतं. असं मी का म्हणते ते जरा सविस्तर लिहिते.

आधी सासूबाईंचं घेते, कारण त्यांचा प्रश्न मला सगळ्यांत खरा वाटला. त्या लहान होत्या तेव्हा एका वाडीत पंधरा-वीस पोरं असायची. मोठी धाकट्यांना खेळात घ्यायची, भांडणं व्हायची, मिटायची, खेळाचे नियम ठरायचे आणि मोडायचे. त्या खळ्यात बालवाडीचं निम्मं काम आपोआप होत होतं. आता तुमच्या वाडीत तुमच्या मुलीच्या वयाची किती मुलं आहेत ते मोजा. आमच्याकडे कितीतरी वाड्यांत आजी-आजोबा आणि एखादंच नातवंड, बाकीचं घरदार मुंबईला. खळं आहे, पण त्यात खेळायला दुसरं कुणी नाही. एकटं मूल मोबाइलकडे वळतं ते बहुतेक वेळा याच कारणाने. बालवाडीची फी आपण आधी भरतो ती बरोबरीच्या मुलांच्या सोबतीसाठी.

दुसरी गोष्ट खेळात लक्ष घालणाऱ्या मोठ्या माणसाची. शिमग्याच्या सुमारास काजूच्या बिया घरोघरी असतात, त्यांचंच उदाहरण घेते. तीन वर्षांची मुलगी एकटी खेळत असेल तर ती बिया टोपलीतून जमिनीवर ओतेल, परत भरेल, रांग लावेल. हेही चांगलंच आहे. आता शेजारी जाणत्या बाई बसल्या आणि म्हणाल्या, “तुझ्याकडे जास्त की माझ्याकडे?” मुलगी अंदाजाने म्हणते, “माझ्याकडं.” “कशावरून?” मग दोघी आपापल्या बिया समोरासमोर मांडतात. एकीची रांग आधी संपते. मुलगी बघते, विचार करते, कधीकधी रागावते, आणि “माझ्या उरल्या” असं सांगते. एकास एक जोडी, जास्त-कमी, उरणं, आणि आपण म्हटलं ते पटवून देणं, एवढं सगळं त्यात आलं, आणि हे गणितच आहे. वही कुठेच आली नाही. (बी फोडू मात्र देऊ नका, सालीतल्या तेलाने कातडी भाजते. आणि चिंचोक्यांसारख्या बारीक बिया या वयात नाकात जातात, तेव्हा नजर हवी.)

याउलट ‘एक ते पन्नास येतात’ म्हणजे काय येतं ते घरीच बघा. वीसपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या मुलासमोर बियांची टोपली ठेवा आणि म्हणा, “मला चार दे.” बहुतेक मुलं मूठभर उचलून देतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. आकड्यांची माळ पाठ असणं आणि ‘चार’ म्हणजे नेमकं किती हे उमजणं यांत बराच काळ जातो. साधारण साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान हे उमजायला लागतं, कुणाला आधी, कुणाला नंतर. ज्या शाळेत पन्नासपर्यंत म्हणून घेतात पण चार बिया मोजून मागत नाहीत, तिथे पालकांना प्रगती दिसते आणि मुलाच्या हाती फारसं काही लागत नाही.

लिहिण्याबद्दल माझं मत जास्त ठाम आहे. मुलाचा हात एका ठरावीक क्रमाने तयार होतो. तीनच्या आसपास बघून गोल काढता येतो, चारच्या सुमारास अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, आणि तिरक्या रेघा लागतात म्हणून त्रिकोण त्याहून उशिरा. आता ‘क’ किंवा ‘अ’ डोळ्यांसमोर आणा. गोलाई, उभी रेघ, आडवी रेघ, आणि ते सगळं नेमक्या जागी जोडायचं. ज्या मुलीला अजून चौकोन बंद करता येत नाही तिच्याकडून ‘अ’ची पानं भरून घेणं म्हणजे हातात पेन्सिल आवळून धरण्याची सवय लावणं. तशी पकड घेऊन पहिलीत आलेली मुलं मी पाहते. दोन ओळींत त्यांचा हात दुखतो, लिहायचं म्हटलं की तोंड पडतं. आणि ती पकड सोडवायला नव्याने शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

हात तयार होतो तो लिहिण्याआधीच्या कामांनी, आणि त्यासाठी कोकणातल्या स्वयंपाकघरासारखी जागा नाही. बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलायला बसवा. दोन बोटांच्या चिमटीत वाल धरून साल सोडवायची ही जी हालचाल आहे, तीच पुढे पेन्सिल धरायला लागते. भिजवलेल्या आठळ्यांची पांढरी साल काढणं, अबोलीची फुलं एकेक करून देठाशी धरणं, पिठाचा गोळा मळणं, ओलं फडकं पिळणं, नारळाच्या शेंड्या ओढून काढणं. चांगल्या बालवाडीत यातलंच काही ना काही रोज चालतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की इथे शिकवत नाहीत.

वाचनाचंही तसंच. मराठी अक्षरं वाचायला शिकण्याआधी कानाला आवाज सुटे करता यावे लागतात. ‘का-पू-स’ म्हणत तीन टाळ्या वाजवणं, ‘माझ्या नावातल्या पहिल्या आवाजाने सुरू होणारी वस्तू आण’ असा खेळ, बडबडगीतातला शेवटचा यमकाचा शब्द मुलांना म्हणू देणं. ज्या मुलांनी हे भरपूर केलेलं असतं, ज्यांना रोज गोष्ट वाचून दाखवलेली असते, ती सहाव्या वर्षी बाराखडी चटकन उचलतात. गोष्ट सांगताना बाई मध्येच थांबून “मग पुढे काय झालं असेल?” असं विचारतात का, आणि उत्तराची वाट बघतात का, हे बघा. वाट बघणं फार महत्त्वाचं. तीन वर्षांच्या मुलाला वाक्य जुळवायला वेळ लागतो, आणि घाईच्या वर्गात तेवढी उसंत त्याला कुणी देत नाही.

इथे भाषेचा मुद्दा येतो. तुमच्या घरी मालवणी बोलत असाल. मूल तीन वर्षांत त्या बोलीत हजार गोष्टी सांगायला शिकलंय: काय हवंय, कुठे दुखतंय, कुणी मारलं, स्वप्नात काय आलं. त्याला एकदम अशा वर्गात बसवलं की जिथे बाई फक्त इंग्रजीत सूचना देतात, तर ते गप्प होतं. काही मुलं महिनोन् महिने गप्प राहतात, आणि घरी ‘अ‍ॅपल, बॉल, कॅट’ म्हणून दाखवतात म्हणून आपल्याला ते कळतही नाही. माझा इंग्रजीला विरोध नाही. कोकणातल्या पालकांना ती का हवी असते ते मी रोज ऐकते आणि मला ते पटतं. पण ज्या मुलाला स्वतःच्या भाषेत लांबलचक बोलता येतं, ते पुढे दुसरी भाषाही भराभर शिकतं. म्हणून इंग्रजी माध्यमच ठरवलं असेल तर तिथे एकच विचारा: मूल मालवणीत किंवा मराठीत बोललं तर बाई त्याला उत्तर देतात, की “स्पीक इन इंग्लिश” म्हणून गप्प करतात? दुसरं असेल तर मी तिथे मूल घालणार नाही.

मिस्टरांच्या काळजीला आता उत्तर द्यायला हवं, कारण ती पोकळ नाही. काही शाळांचे पहिलीचे वर्ग खरोखरच असं धरून चालतात की मुलांना वाचता-लिहिता येतं. पण सरकारी धोरण याच्या उलट सांगतं, हेही त्यांना दाखवा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. सहा वर्षं पूर्ण झाल्यावर पहिली. २०२२ साली या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात तीन ते सहा वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तक नको आणि परीक्षा तर मुळीच नको असं स्पष्ट आहे. त्याच्याही आधी, १९९३ साली, शाळकरी मुलांवरचं अभ्यासाचं ओझं कमी कसं करावं हे बघायला सरकारने नेमलेल्या यशपाल समितीने बालवाड्यांतून लेखन-वाचन-अंकांचा औपचारिक भडिमार ही लहान मुलांवरची हिंसाच मानली होती आणि नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या-मुलाखती बंद करा म्हटलं होतं. तेव्हा “पहिलीत घ्यायचं तर लिहिता आलंच पाहिजे” असं सांगणारी शाळा स्वतःचा नियम सांगते आहे. तुम्हाला पुढे जी शाळा हवी आहे तिथे जाऊन थेट विचारा, की बाहेरून आलेलं मूल पहिलीत घेता का, आणि त्याला काय यायला हवं. पुष्कळदा ऐकीव भीतीपेक्षा उत्तर सौम्य निघतं. आणि खरंच त्यांनी अक्षर-ओळख मागितली, तर ती साडेपाच वर्षांच्या, भरपूर बोलणाऱ्या, हात तयार असलेल्या मुलीला काही महिन्यांत देता येते. तीच गोष्ट तिसऱ्या वर्षी द्यायला गेलं तर दोन वर्षं आणि खूप रडारड लागते.

खेळातून शिकण्याचं हे खूळ शहरातून किंवा परदेशातून आलेलं आहे असं कुणी घरात म्हणालं, तर त्यांना आपल्याच किनाऱ्याची गोष्ट सांगा. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला, म्हणजे आपल्याच समुद्रकाठी, आता पालघर जिल्ह्यात येणाऱ्या गावात, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरी पद्धतीची शिकवण्याची साधनं गावाला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, दगडगोटे, माती वापरली. मुलं येत नव्हती तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. वाळूत बोटाने रेघ ओढणारं मूल शिकतंय हे त्यांनी गरिबातल्या गरीब मुलांसोबत दाखवून दिलं. ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा होता त्यांचा तो नुसता शौक नव्हता.

आता दुसरी बाजूही तेवढ्याच स्पष्टपणे सांगते. ‘आम्ही खेळातून शिकवतो’ म्हणणाऱ्या सगळ्या बालवाड्या चांगल्या नसतात. बाई कोपऱ्यात वही भरत बसल्या आहेत, मुलं इकडून तिकडे पळताहेत, खेळणी पाहुणे येतील म्हणून कपाटात कुलूपबंद, आणि दिवसातून तीनदा तीच चार गाणी. अशा ठिकाणी फी भरण्यात अर्थ नाही, तिथे तुमच्या सासूबाईंचं म्हणणं अगदी बरोबर ठरतं. उलट वह्या-पुस्तकांच्या शाळेतही एखाद्या बाई अशा भेटतात की मुलांना मांडीवर घेऊन गोष्ट सांगतात, प्रत्येकाचं बोलणं ऐकून घेतात. तिथलं मूल वहीसकट नीट वाढतं. म्हणून दोन्हीकडे प्रत्यक्ष जाऊन या. प्रवेशाच्या दिवशी नको. एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी साडेदहाला जा आणि तासभर बसू द्या म्हणा. बसू देत नसतील तर तेही उत्तरच समजा.

तासभर बसलात की आधी कान द्या. आवाज कुणाचा जास्त येतोय? एका सुरात ओरडून म्हणणाऱ्या मुलांचा, एकट्या बाईंचा, की मुलांच्या गप्पांचा? मग भिंती बघा. तीस मुलांनी रंगवलेले तीस सारखेच आंबे असतील तर तो बाईंचा आंबा आहे. वेडेवाकडे, एकही दुसऱ्यासारखा नाही असे असतील तर मुलांनी काढलेत. खेळणी मुलांच्या हाताला येतील अशी ठेवलीत का ते बघा. एखादं मूल रडलं तर काय होतं ते नक्की बघा, बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल. संडास, पाणी, दाराची कडी, विहीर झाकलेली आहे का, हे वेगळं सांगायला नको. मुलं किती आणि मोठी माणसं किती तेही मोजा. २०१३च्या राष्ट्रीय बाल्यावस्था धोरणाने तीन ते सहा वयासाठी वीस मुलांमागे एक मोठं माणूस धरलं आहे; चाळीस मुलांना एकच बाई असतील तर त्या कितीही गुणी असोत, त्यांना बोलायला वेळ मिळणार नाही.

आणि आपल्याकडे पावसाबद्दल विचारायलाच हवं. जून ते सप्टेंबर मुलं बाहेर पडू शकत नाहीत असे दिवस सलग येतात. मे महिन्यात पाहिलेलं सुंदर अंगण जुलैत चिखलाचं असतं. “पावसात दिवसभर काय करता?” असं विचारा. पडवीत पाणी-खेळ, पागोळ्यांखाली भांडी ठेवून आवाज ऐकणं, जुन्या साड्यांची घरं, नाटुकली, अशी उत्तरं आली तर त्या बाईंनी विचार केलेला आहे. “पावसात लिखाण घेतो” हे उत्तर आलं तर वर्षातले चार महिने कसे जातील ते कळलं.

व्हॅनच्या पाऊण तासाबद्दल माझं मत परिस्थितीवर अवलंबून नाही. तीन वर्षांच्या मुलीचा जाऊन-येऊन दीड तास, घाटवळणाच्या रस्त्याने, भर पावसात, बरोबर बाईमाणूस असेल-नसेल, हे मी करणार नाही. तेवढ्या वेळात ती झोपलेली बरी. पाचव्या-सहाव्या वर्षी हाच प्रवास तिला जड जाणार नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण तिसरा पर्याय तुमच्या गावात असणारच: अंगणवाडी. गावातली बरीच कुटुंबं ती खाऊ आणि लसीकरणापुरती धरतात. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली तेव्हापासून शाळापूर्व शिक्षण हा तिचा भाग आहे, आणि २०२३पासून ‘पोषण भी, पढाई भी’ या कार्यक्रमात सेविकांच्या शिक्षणाच्या प्रशिक्षणावर जोर दिला जातोय. अंगणवाडी चांगली की नाही हे बहुतांशी त्या एका सेविकेवर ठरतं. तिच्यावर नोंदी आणि इतर कामांचं ओझं फार असतं हे मी जवळून बघते. पण मुलांत रमणारी सेविका असेल तर फुकट, चालत जाण्याच्या अंतरावर, गावातल्याच मुलांबरोबर, गरम आहारासकट असा पर्याय तुम्हाला मिळतो. बालवाडी बघायला जाल त्याच दिवशी तिकडेही डोकावा.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझा कल चालत जाण्याच्या अंतरावरच्या बालवाडीकडे आहे, तासभर बसून ती ठीक वाटली तर. काही गोष्टींनी हे मत बदलेल. तुम्ही दोघेही तालुक्याच्या गावी नोकरीला जात असाल आणि मुलगी तुमच्याच गाडीतून जाणार असेल, तर अंतराचा मुद्दा उरत नाही. बालवाडीतल्या ताई मुलांना दटावून गप्प बसवणाऱ्या निघाल्या तर चालत जाण्याची सोय काय कामाची? आणि मुलगी अजून फार कमी शब्द बोलत असेल, हाक मारल्यावर बघत नसेल, तर शाळेच्या निवडीआधी तिचे कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते लांबणीवर टाकू नका.

घरच्यांच्या आग्रहाने नर्सरीतच घालावी लागली, तर बाईंना भेटून एवढंच सांगा की गृहपाठाची वही आम्ही भरून घेणार नाही, शेरा लिहिलात तरी हरकत नाही. शांतपणे सांगितलं तर बऱ्याच बाई ऐकतात. मनातून त्यांनाही ते पटलेलं असतं. घरी आल्यावर परत अभ्यासाला बसवू नका. संध्याकाळचा वेळ सासूबाईंकडे द्या. वाल सोलायला बसल्या की गोष्ट सांगा म्हणावं, त्यांच्या लहानपणची, मालवणीतच.

जूनचीही घाई करू नका. तीन वर्षं नुकतीच पूर्ण झालेली मुलगी, धो धो पाऊस, पहिल्यांदाच आईपासून लांब, हे सगळं एकाच आठवड्यात आणण्याची गरज नाही. वर्षभर प्रवेश देत असतील तर गणपती झाल्यावर घाला, तोवर आठवड्यातून एकदोनदा तिला घेऊन तासभर तिथे जाऊन बसा. सुरुवातीचे काही दिवस आईने किंवा आजीने वर्गात थांबायला बालवाडीच्या ताई हो म्हणतात का, हे फीच्या आधी विचारा.